काचेच्या टाकीतील बुटकी गुरामी

वाचकहो, या पानावर आपण कपाशीवरची बोंडअळी, शेळ्यांचे खूर आणि लेकरांची हगवण यांविषयी वाचत आला आहात. शोभेच्या माशाला इथे जागा कशाला, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. आदिलाबादच्या बाजाराला गेलेले लेकरू हट्ट करते, बाप शेवटी दोन रंगीत मासे पिशवीत बांधून घेतो, आणि आठव्या दिवशी ते मासे पोट वर करून तरंगतात. लेकरू जेवत नाही. बाप म्हणतो, "ते मासे जगायचेच नसतात." ही समजूत चुकीची आहे, आणि ज्या कारणांनी तो मासा मरतो त्यांतील काही कारणे घरातल्या माणसांनाही सोडत नाहीत. म्हणून हा पाठ.

आमच्याही घरी पहिल्या खेपेला हेच झाले. दुकानदाराने तीन लालनिळे मासे दिले, तिन्ही नर, आणि "रोज पाणी बदला, टाकी लख्ख ठेवा" असे बजावले. आम्ही आज्ञाधारक. रोज सकाळी टाकी पार रिकामी करून, वाळू धुऊन, नळाचे ताजे पाणी भरत होतो. पाचव्या दिवशी एक मेला, सातव्या दिवशी दुसरा. तिसरा फाटक्या शेपटीने कोपऱ्यात दोन दिवस उभा राहिला आणि तोही गेला. आम्ही माशांना उपाशी ठेवले नव्हते, मारले नव्हते. फार काळजी घेऊन मारले होते. चूक कोठे झाली ते पुढे येईलच.

हा मासा म्हणजे बुटकी गुरामी. तो परदेशी आहे असे पुष्कळांना वाटते, पण तो आपल्याच देशाचा आहे. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांत, संथ ओढ्यांत, भाताच्या खाचरांत आणि गवताने भरलेल्या डबक्यांत त्याचे मूळ घर. बंगालीत त्याला व त्याच्या भावंडांना खोलिशा म्हणतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवर मोठा ग्रंथ लिहिला. तो १८२२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात या माशाचे वर्णन आले. शास्त्रीय नावात आजही 'लालियस' हा शब्द आहे. नर पूर्ण वाढला तरी साडेतीन इंचांच्या आत राहतो, अंगावर निळे-हिरवे आणि तांबडे आडवे पट्टे. मादी रुपेरी, फिकट. म्हणून दुकानदार तिला ठेवतच नाहीत. पोटाखाली दोन लांब दोऱ्यांसारखे पर असतात, त्यांनी तो आंधळ्याच्या काठीसारखा पुढचे चाचपत चालतो. लेकरांना हे दाखवा, अर्धा तास शांत बसतील.

आता याची खरी ओळख. आपल्याकडे बाजारात मरळ मासा ओल्या टोपलीत तासन्‌तास जिवंत राहतो, हे सर्वांनी पाहिले आहे. तेलगू शेजारी त्याला कोर्रमीनू म्हणतात, आणि २०१६ पासून तो तेलंगणाचा राज्यमासा आहे. मरळ पाण्याबाहेर जगतो कारण कल्ल्यांबरोबरच त्याला वरची हवा घेता येते. गुरामी मरळीच्याच गोतातली. तिच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, घड्याघड्यांचे एक हाड आणि त्यावर रक्तवाहिन्यांचे पातळ आवरण असते. दर थोड्या वेळाने ती पृष्ठभागावर येते, तोंडाने हवा घेते आणि ती तेथे साठवते. गढूळ, कोंदट डबक्यात जगण्यासाठी ही सोय झाली. पण ती फुकट नाही: वर येऊन हवा घेण्याची वाट बंद केली, तर भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातही गुरामी गुदमरून मरते.

यातून दोन गोष्टी ठरतात. टाकी काठोकाठ भरू नये. पाणी आणि झाकण यांत तीन-चार बोटांची जागा हवी. आणि झाकण असावेच, कारण थंडीत पृष्ठभागावरची हवा पाण्यापेक्षा फार गार असली तर तीच हवा माशाच्या आत जाते आणि तो आजारी पडतो. बुडबुडे काढणारा पंप लावलात तर हळू लावा. हा संथ पाण्याचा मासा आहे; धबधब्याखाली उभे केल्यासारखे त्याला राबवू नका.

टाकी किती मोठी? गोल काचेचे भांडे आणू नका, ते माशाला तुरुंग आणि तुम्हाला रोजचा व्याप. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टाकीत सुमारे छप्पन लिटर पाणी मावते. त्यात एक नर आणि दोन माद्या सुखाने राहतात. मादी मिळाली नाही तर एकच नर ठेवा. दोन नर एका लहान टाकीत म्हणजे एका बांधावरचे दोन भाऊबंद. दुबळा भाला खाऊनच मरतो. आमच्या तिसऱ्या माशाची शेपटी अशीच फाटली होती. टाकीचे वजन पाण्यासकट पन्नास-साठ किलोंच्या वर जाते, म्हणून डुगडुगत्या टेबलावर ती ठेवू नये. खिडकीतही नको, उन्हाने पाणी तापते आणि काच शेवाळाने हिरवी होते.

तळाला जाड वाळू चालते. पैनगंगेची वाळू असेल तर पाणी निवळ होईपर्यंत धुवा. खडे टाकायचे असतील तर आधी त्यावर लिंबू पिळून पाहा. फेस आला तर तो चुन्याचा दगड. आपल्या जिल्ह्यात असा दगड पुष्कळ आहे, आणि तो पाणी आणखी जड करतो. वनस्पती मात्र भरपूर लावा. तळ्यातली हायड्रिला चालते, वर तरंगणारी झाडेही थोडी असावीत, कारण डोक्यावर सावली असली की गुरामी धीट होऊन पुढे येते. तळ्यातून आणलेली झाडे आठवडाभर वेगळ्या बादलीत, दोन-तीनदा पाणी बदलून ठेवा; शेजारच्या शेतातली फवारणी तळ्यात उतरलेली असू शकते.

पाण्याचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि शेतकऱ्याला तो शहरातल्या माणसापेक्षा लवकर समजेल. आपण शेतात युरिया टाकतो. जमिनीत त्याचा अमोनिया होतो, जमिनीतले सूक्ष्म जंतू त्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट पीक उचलते. टाकीत हेच घडते. माशाची विष्ठा, त्याच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया आणि उरलेले खाद्य हे तिथले खत. अमोनिया माशाला विष आहे, कल्ले जाळतो. नायट्राइट रक्तातील प्राणवायू वाहण्याची शक्ती घालवतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य. हे काम करणारे जंतू वाळूवर, गाळणीच्या स्पंजावर आणि काचेवर बसतात, आणि त्यांची वस्ती नव्या टाकीत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही रोज वाळू धुऊन हीच वस्ती रोज उठवत होतो. शिवाय आपल्या काळ्या जमिनीतले बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते, आणि अशा पाण्यात तेवढाच अमोनिया अधिक विषारी ठरतो.

तेव्हा नवी टाकी भरून, झाडे लावून, गाळणी चालू करून थांबा. चिमूटभर खाद्य रोज टाका, म्हणजे जंतूंना काम मिळते. महिन्याने एकच मासा आणा. लेकरू महिनाभर रिकामी टाकी पाहून कंटाळेल हे खरे, पण पेरणी केली की दुसऱ्या दिवशी कोणी बोंडे मोजत नाही, हे त्याला घरच्या शेतावरून ठाऊक असते.

पुढे आठवड्यातून एकदा पाण्याचा चौथा किंवा पाचवा हिस्साच काढायचा आणि तेवढेच नवे घालायचे. पाणी कधीच पुरे बदलायचे नाही. गाळणीचा स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली नाही. नळाच्या पाण्यात, मग ते मिशन भगीरथचे असो की ग्रामपंचायतीच्या टाकीचे, जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते. माणसाला ते हवे, पण माशाचे कल्ले आणि टाकीतले जंतू दोघांनाही ते मारते. नवे पाणी रुंद तोंडाच्या बादलीत दिवसभर उघडे ठेवा, मधून मधून तांब्याने वर-खाली करा; क्लोरीन उडून जाते. बोअरचे पाणी फारच जड असेल, भांड्यावर पांढरा थर धरत असेल, तर निम्मे पावसाचे पाणी मिसळा. ते पहिले दोन-तीन पाऊस सोडून मग स्वच्छ पत्र्यावरून धरावे. टाकीतून निघालेले पाणी मोरीत ओतू नका. ते पातळ खतच आहे. कढीपत्त्याला, वांग्याला, मिरचीच्या रोपांना घाला. मात्र टाकीत मीठ किंवा औषध घातले असेल तेव्हा हे करू नये.

हवामानाचे बोलायचे तर आपला जिल्हा या माशाची दोन्हीकडून परीक्षा पाहतो. त्याला २४ ते २८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. डिसेंबर-जानेवारीत आदिलाबाद हे तेलंगणातील सर्वांत थंड ठिकाणांपैकी एक असते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. थंडीत पाणी गार झाले की गुरामी रंग सोडते, तळाला बसते, खात नाही, आणि मग तिच्यावर पांढरे ठिपके येतात. या टाकीला पन्नास वॉटचा, आपोआप बंद होणारा हीटर आणि एक थर्मामीटर पुरे. वीज गेली तर टाकीभोवती घोंगडी गुंडाळा, वरून गरम पाणी ओतू नका. एकदम बदललेले तापमान थंडीपेक्षा वाईट. उन्हाळ्यात टाकी घराच्या आतल्या, गार भिंतीशी हलवावी, आणि तेही पाणी बरेच काढून, नाहीतर काच तडकते. फार तापले तर बाटलीत पाणी गोठवून ती बाटली थोडा वेळ तरंगत सोडावी. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. गुरामी वरची हवा घेऊन निभावते, तिचे सोबती मासे निभावत नाहीत. आणि विजेचे एक कायमचे लक्षात ठेवा: टाकीत हात घालण्यापूर्वी हीटर व पंप दोन्हींचे प्लग काढायचे. ओल्या हाताने बटण दाबायचे नाही. हे काम लहान लेकराला एकट्याने करू देऊ नका.

आता ज्या गोष्टीसाठी खरे तर आम्ही ही लेखणी धरली ती सांगतो. आपला भाग कपाशीचा. जुलैपासून पुढे घरोघर पाठीवर पंप असतो. सायपरमेथ्रिन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन ही औषधे माणसापेक्षा माशाला कितीतरी पटींनी विषारी आहेत. पाण्यात त्यांचा अगदी लवलेश पुरतो. शेतातून आलेला माणूस हात नुसते ओले करून माशांना खाद्य टाकतो, आणि संध्याकाळपर्यंत मासे गोल गोल फिरत, झटके देत मरतात. घरचे म्हणतात, साथ आली. डास मारण्याच्या वड्या, भिंतीत खोचायच्या बाटल्या आणि फवाऱ्याचे डबे यांतही याच जातीची औषधे असतात, आणि गुरामी तर पृष्ठभागावरचीच हवा तोंडाने घेते. म्हणून टाकी असलेल्या खोलीत फवारा मारू नये. मच्छरदाणी लावावी, ती माणसालाही बरी. फवारणी करून आलेल्याने आधी साबणाने आंघोळ करावी, कपडे वेगळे धुवावेत, आणि मगच टाकीकडे, चुलीकडे आणि लेकराकडे वळावे. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात माशासाठी पाणी साठवू नये. तोच डबा घरात पिण्याच्या पाण्याला वापरला जात असेल तर मासा मेला ही त्यातली लहान गोष्ट.

खाद्य थोडे द्यावे. सकाळ-संध्याकाळ, दोन मिनिटांत संपेल इतकेच. माशाचे पोट त्याच्या डोळ्याएवढे असते असे समजून चिमूट घ्या. आठवड्यात एक दिवस उपास घडला तर उत्तम. कोरड्या खाद्याबरोबर उकडून सोललेला वाटाणा बारीक करून, आणि जिवंत खाद्य म्हणून डासांच्या अळ्या द्याव्या. गुरामी त्या फार आवडीने खाते. पण त्या पावसाच्या स्वच्छ पाण्यातल्या हव्यात, आणि रोज गाळून घ्या. अळ्यांसाठी म्हणून अंगणात भांडे भरून ठेवलेत आणि चार दिवस विसरलात, तर डेंग्यूचे डास तुम्हीच पाळले. गटारातले तांबडे किडे आणू नयेत, त्यांतून रोग येतात.

मासे विकत घेताना घाई करू नका. दुकानातली गुरामी बहुतेक दूरच्या पैदास-केंद्रांतून, गर्दीच्या पिशव्यांतून प्रवास करून आलेली असते. निळसर किंवा सबंध तांबडे दिसणारे प्रकार माणसाने निवड करून काढलेले आहेत. दिसायला देखणे, पण आमच्या अनुभवात नाजूक. ज्या टाकीत एकही मेलेला मासा आहे तिथला मासा घेऊ नका. पोट फुगलेले, रंग उडालेला, अंगावर व्रण, कोपऱ्यात उभा असा मासा स्वस्त मिळाला तरी नको. चांगला मासा बोट दाखवले की पुढे येतो आणि टाकलेले खातो. दुकानदाराला खाद्य टाकून दाखवायला सांगा, त्यात लाजायचे कारण नाही. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा.

ही सावधगिरी का? गुरामीला एक विषाणूचा रोग होतो, तो तिच्याच नावाने ओळखला जातो, आणि त्यावर औषध नाही. रंग जातो, खाणे सुटते, पोट फुगते, अंगावर फोड येतात आणि मासा मरतो. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दुकानांतील गुरामींची तपासणी झाली तेव्हा शंभरात बावीस माशांत हा विषाणू आढळला. त्याआधी, २००३ मध्ये, तिथल्या व्हिक्टोरिया राज्यात मरे कॉड या खाण्याच्या माशाच्या शेतीत मोठी मर झाली होती; त्यातला विषाणू आणि गुरामीतला विषाणू जवळजवळ एकच निघाला. शोभेच्या माशाचा रोग तिथे शेतकऱ्याच्या तळ्यात पोचला. आपल्याकडे सातनाला धरणावर आणि गावतळ्यांवर मासेमारी करून पोट भरणारी घरे आहेत, हे ध्यानात असू द्या.

प्रत्येक आजार मात्र असा नसतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आले तर तो एका सूक्ष्म परजीवीचा रोग. पाणी दोन दिवसांत हळूहळू ३० अंशांपर्यंत न्यावे, दर लिटरला एक ग्रॅम साधे मीठ विरघळवून थोडे थोडे घालावे, आणि दहा-बारा दिवस धीर धरावा. ठिपके दिसेनासे झाले म्हणून तिसऱ्याच दिवशी थांबू नका. परजीवी तळाला वाढत असतो. माणसांच्या किंवा जनावरांच्या प्रतिजैविकांच्या गोळ्या चुरून टाकीत टाकण्याची रीत पडली आहे, ती अगदी वाईट. चांगले जंतू मरतात आणि रोगाचे जंतू औषधाला निर्ढावतात.

माणसाच्या आरोग्याचे एक सांगितलेच पाहिजे. माशांमध्ये क्षयाच्या जंतूचा एक भाऊ आढळतो. तो फुप्फुसात जात नाही. थंड जागा त्याला आवडते, म्हणून हाताच्या जखमेतून कातडीत शिरतो. टाकी धुतल्यावर दोन-चार आठवड्यांनी बोटावर किंवा हातावर एक गाठ येते, ती हळूहळू फुटते, भरत नाही, मनगटाकडे आणखी गाठी चढतात. पुष्कळ जण मलमे लावत महिने घालवतात. असा व्रण असला तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा की घरी मासे आहेत. त्या एका वाक्याने निदान सोपे होते. उपचार आहे, पण गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात. हाताला चीर, काटा लागलेला असेल तर टाकीत हात घालू नका, किंवा रबरी हातमोजा घाला. मधुमेह असलेल्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावे. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नका. नळी पाण्यात पूर्ण भरून, टोक बोटाने दाबून खाली सोडली की पाणी आपोआप येते.

नर-मादी नीट राहिली तर एक दिवस नर तरंगत्या झाडांखाली फेसाचे घरटे बांधू लागेल. तो तोंडातून बुडबुडे सोडतो आणि त्यांत पानांचे तुकडे, मुळ्या विणतो. आपल्या सुगरणीची आठवण यावी असे ते काम. मादी अंडी घालते, ती तरंगत फेसात जातात. मग नर तिला मारू लागतो, म्हणून तिला वेगळे करावे. दिवसभरात अंडी फुटतात, आणखी दोन-तीन दिवसांत पिल्ले पोहू लागतात. तेव्हा नरालाही काढावे. पिल्ले इतकी बारीक असतात की वाळलेले गवत आठवडाभर भिजवून झालेल्या पाण्यातले सूक्ष्म जीवच त्यांना खाता येतात. शेकडो अंड्यांतून वीस-पंचवीस मोठी झाली तरी तुम्ही चांगले केले.

आणि जास्त झालेले मासे पैनगंगेत किंवा विहिरीत सोडू नका, कितीही पुण्याचे वाटले तरी. शोभेच्या टाक्यांतून सुटलेला अमेरिकेतला काटेरी सकर मासा आज आंध्र व तेलंगणाच्या तळ्यांत पसरला आहे. तो कोळ्यांची जाळी फाडतो आणि खायलाही कोणी घेत नाही. जास्तीची गुरामी शेजाऱ्याला द्या, दुकानात परत द्या. मेलेला मासा चुना टाकून पुरावा, जाळी व बादली उन्हात कडक वाळवावी. आमच्या टाकीत सध्या एक नर आणि दोन माद्या आहेत. तिसरी थंडी काढली त्यांनी. गाळणीचा स्पंज पिळण्याचे काम धाकट्याकडे आहे आणि प्लग काढण्याचे आमच्याकडे.